हौसाबाईंचं तारण

गुड फ्रायडेच्या उपासनेत पेंगणं हे पाप आहे की नाही, यावर मंडळीत अजून एकमत झालेलं नाही. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर एकेक वक्ता, भर दुपार, वर पत्रा, आणि पंख्यांपैकी चालणारा एकच, तोही पाळकसाहेबांच्या डोक्यावर. रूथबाई रणभिसे पांढरं पातळ नेसून दुसऱ्या बाकावर बसल्यात. त्यांचा उद्गार पाचवा, तहानेचा. तो दरवर्षी त्यांचाच असतो. दुसरं कुणी मागतच नाही, कारण त्यात रूथबाईंच्या सासूची साक्ष येते, आणि ती ऐकल्याशिवाय मंडळीला गुड फ्रायडे झाल्यासारखा वाटत नाही.

साक्ष अशी. रूथबाई तेव्हा मिशनच्या दवाखान्यात बायबलबाई होत्या, म्हणजे खाटेखाटेपाशी जाऊन रोग्यांना पाप, नरक आणि तारण समजावून सांगायचं काम. त्याच वॉर्डात त्यांच्या सासूबाई, हौसाबाई, शेवटच्या आजारात पडल्या होत्या. आयुष्यभर चर्चची पायरी न चढलेल्या. 'उद्या सांगेन, उद्या सांगेन' म्हणता म्हणता सांगायचं राहून गेलं आणि सासूबाई तारणावाचून गेल्या. "आज त्या अग्नीत आहेत, बायांनो, आणि थेंबभर पाणी मागताहेत!" इथं रूथबाईंना हुंदका येतो. तो कधी चुकलेला नाही. त्या हुंदक्यावर कितीतरी जण प्रभूकडे वळले. एका फौजदारानं तर दारू सोडली.

साक्षीत एवढंच येत नाही, की सांगायचं राहून गेलं नव्हतं, राखून ठेवलं होतं.

रूथबाईंची पहिली मुलगी बाप्तिस्म्याआधीच गेली. तेव्हा रिकाम्या पाळण्यापाशी उभ्या राहून, दातांना काळी मिश्री लावत हौसाबाई म्हणाल्या होत्या, "बिनबाप्तिस्म्याची गेली. म्हंजे नरकातच की गं." आणि तोंडातली तंबाखू थुंकायला बाहेर गेल्या होत्या. रूथबाई वाट बघत राहिल्या. देवानं वॉर्डात संधी दिली.

दुसऱ्या उद्गारावर बोलणारे मास्तर आता येशूशेजारी टांगलेल्या त्या चोरापाशी येऊन ठेपलेत, जो जन्मभर चोऱ्या करून शेवटच्या घटकेला सुखलोकात शिरला. मास्तरांचा आवाज लांब जातो, जवळ येतो. रूथबाईंची मान छातीवर उतरते. पंखा करकरतो. मग ती करकर लोखंडी खाटेची असते.

खाट रिकामी आहे. खाली फरशीवर पाय पसरून हौसाबाई बसल्यात, बोट दातांवरून फिरवत.

"सलाम, आत्याबाई," सवयीनं तोंडून निघतं.

"सलाम. लई वाळलीस गं. का, माझ्या जिवावर तर बरं चाललंय की तुझं?"

रूथबाई आधी त्यांच्या लुगड्याकडे बघतात. कुठं जळल्याची खूण नाही. "तुमचं कसं आहे तिथं? फार भाजतं का?" या प्रश्नात जेवढी काळजी असायला हवी तेवढी घालायची राहून जाते.

"भाजंल कशाला? वर आहे मी."

"वर कुठं?"

"वर म्हंजे वर. माळ्यावर नव्हं."

रूथबाईंचा चेहरा पडतो. तो झाकायला त्या पदर शोधतात, पण वॉर्ड संपून स्वयंपाकघर सुरू झालंय, त्या चुलीपुढं बसल्यात, आणि दोन्ही हात पिठात आहेत.

"पाह्यलं," हौसाबाई म्हणतात. "आनंद मावंना तोंडावर."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी? मी तर..."

"तू कशाला सांगशील! माझ्या खाटेपाशी यायचीस, भांडं काढायचीस, चादर ओढायचीस, की चालली पुढं. पण शेजारच्या खाटेवर ती ठार बहिरी कोण होती?"

"सोनाबाई."

"तिला सांगताना वॉर्डाचे पत्रे हादरायचे. पाप काय, नरक काय, रक्त काय, सगळं माझ्याच कानात. डोळ्याला डोळा लागू द्यायची नाहीस. शेवटी एक दिवस उशीत तोंड खुपसलं अन् म्हणलं, देवा, चुकलं माझं."

"एवढंच?"

"एवढंच. मला बी वाटलं, एवढ्या मोठ्या घराला एवढंसं दार?"

चूल विझलीय. दोघी कबरस्तानाच्या भिंतीवर बसल्यात, पाय खाली सोडून, आणि भिंतीखाली जमीन नाही.

"आणि सोनाबाई?" रूथबाई विचारतात. "ती तर दर वाक्याला मान हलवायची. मी मंडळीसमोर तिच्यासाठी उपकारस्तुती केली होती."

"तिला एक अक्षर ऐकू आलं नाही. मान हलवली की तू तिची उशी नीट करायचीस, म्हणून हलवायची. खाली आहे ती." हौसाबाई पायाच्या अंगठ्यानं दाखवतात. "तिथं बी मान हलवतीय. तिथल्यांना वाटतं, हिला सगळं कबूल आहे."

रूथबाई खाली बघत नाहीत. घशाला कोरड पडलीय. "माझी मुलगी?"

"ती व्हय? माझ्यापाशीच असती की."

"तुम्ही तर म्हणाला होता..."

"म्हणलं होतं. मला काय ठाऊक! बाप्तिस्म्याचं तिथं कुणी विचारलंच नाही तिला. चुकलं होतं माझं. मागितली मी माफी त्याची."

"माझी?"

"तुझी कशाला? देवाची."

भिंतीवरून एक शेळी शांतपणे चालत जाते. रूथबाई तिला वाट देतात.

"नाव काय आहे तिचं?" त्या विचारतात. त्यांनी मनात आशालता ठरवलं होतं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"हौसा."

रूथबाई गेलेल्या शेळीकडे बघत राहतात.

"मग? तिथं दुसरं कोण होतं नाव ठेवायला? मला आई म्हणती. आधी सांगून बघितलं, मी आजी आहे म्हणून. मग सोडून दिलं. बरं वाटतं ऐकायला."

"मला तिला भेटायचंय, आत्याबाई."

"ये की. वाट तर जगाला सांगत फिरतीस. मी म्हणलं ते म्हण. फक्त मी उशीत म्हणलं, तुला मंडळीसमोर म्हणावं लागंल. रडलीस मंडळीसमोर, म्हणून."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर सोनाबाईशेजारची जागा मोकळी आहे. तिला शुभवर्तमान सांगत बस. घाई नाही कुणाला."

रूथबाई विचार करतात. विचाराला वेळ लागतो. "वर आले, तर तुमच्यापासून जरा लांब जागा मिळेल?"

"भिंतीला भिंत. मीच मागून घेतलीय तुझ्यासाठी. मागितलं की मिळतं, हे तूच ओरडत होतीस."

तेवढ्यात मागून पदराला कुणीतरी ओढतं. खालून, जेवढा हात पोचेल तेवढ्यावरून. रूथबाई गर्रकन वळतात, आणि भिंत नाही, हौसाबाई नाहीत. पंखा करकरतोय आणि शेजारची बाई कोपरानं ढोसतेय.

"अहो रूथबाई! उठा ना. नाव पुकारलं तुमचं."

पाचवा उद्गार आलाय. मंडळी माना वळवून बघतेय. पुढच्या बाकांवर रुमाल बाहेर निघालेत. रूथबाई उठून पदर सारखा करतात, आणि हात तिथंच थबकतो. पांढऱ्या पदराच्या टोकाशी काळा डाग आहे. बोटाचा. बोट चिमुकलं आहे, रेषासुद्धा उमटल्यात. त्या टोक नाकाशी नेतात. भाजलेल्या तंबाखूचा वास.

"पोरीला मिश्री लावायला शिकवलीय थेरडीनं," त्या पुटपुटतात.

"काय म्हणालात?" शेजारची विचारते.

"जावं लागणार मला तिथं," रूथबाई म्हणतात. शेजारीण समजते, माइकपाशी.

डागावर मूठ आवळून त्या पुढं जातात. पाळकसाहेब पाण्याचा पेला पुढं करतात. त्या घेत नाहीत.

"बायांनो," रूथबाई म्हणतात, "माझ्या सासूबाई..." आणि रुमाल डोळ्यांकडे निघतात, "...स्वर्गात आहेत."

हुंदका येतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन. रुमाल वाटेतच थांबलेत. पाळकसाहेब पेला घेऊन तसेच उभे.

"आणि त्या तिथं पोचू नयेत," रूथबाई मूठ सैल न करता म्हणतात, "म्हणून मला जमेल तेवढं मी केलं होतं."