दोघांच्या नावावर

"अम्मा, संगणकात तुम्ही कुणाच्याच नावावर नाही," इस्पितळाच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, तेव्हा पित्ताशयातल्या खड्यांच्या कळांनी मी बाकावर दुमडून बसले होते. ऑपरेशनचा खर्च मुलाची कंपनी देणार होती, म्हणून आधी तिचा होकार हवा होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुलगा आणि सून बेंगळुरूत एकाच कंपनीत होते, आणि कुणाचे आईवडील कुणाच्या नावावर हे दाखवणारी कंपनीची वेबसाइट मुलानंच बनवली होती. मी मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर चालले असते, दोघांच्या नाही, आणि दोघांनीही मला आपापल्या नावावर लावलं होतं. "दोन नावं आली की दोन्ही पुसायची, असं मीच लिहिलंय," मुलगा म्हणाला. मला कळेना, सांभाळणारे दोन असताना बाई पुसली कशी जाते? "अरे, मग एक ठेव की!" मी ओरडले. "कुणाचं?" "माझं," सून म्हणाली. "इथं सह्यांना मीच असणार, तुला रजा कुठं मिळतेय?" त्यानं ऑफिसात फोन लावून मला सुनेच्या नावावर ठेवायला सांगितलं. मला आत नेलं. नर्सनं विचारलं, "अक्का, तुमचं कोण?" मी म्हटलं, "स्वल्प, जरा थांब, बाहेर विचारून ये." ते पुसणं मला आजही समजलेलं नाही. खडे निघाले, मी जगले.