वैनी आणि माझं लायसन

आमची वैनी खोटं बोलत नसे. एवढ्यावरून ती कुणाला साध्वी वगैरे वाटेल, तर तसलं काही नव्हतं. खरं बोलणं हे तिचं हत्यार होतं आणि परसातल्या कोयत्यासारखी ती त्याला कायम धार लावून ठेवायची. तिचा नियम ठरलेला होता: "इचारल्याशिवाय सांगूचा नाय. इचारल्यार खोटा बोलाचा नाय." या नियमाच्या दोन्ही बाजूंनी मी सोलून निघालो आहे, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा.

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आरोंद्याच्या घरात दादा, ती आणि मी, एवढीच माणसं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला शाळेत असल्यापासून साखरेचा आजार, जेवणाआधी पोटात सुई टोचून घ्यायची, त्यामुळे माझं लग्न कुठे जमेना. एकदा एका स्थळाकडची माणसं घरी आली. चहा झाला, सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं, आणि मुलीच्या मामाने सहज विचारलं की मुलाची तब्येत कशी असते. दादा घसा खाकरून उत्तर जुळवत होता, तोवर वैनीने फ्रीजमधला माझ्या इंजेक्शनांचा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. पाहुणे उरलेला चहा न पिता गेले. मी तिच्याशी भांडलो, तर ती म्हणाली की त्यांनी विचारलं. विषय संपला.

दादा गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि आम्हाला जोडणारा माणूस मधून निघून गेल्याचं रोज जाणवू लागलं. माझी व्हॅन होती. सकाळी शाळेची मुलं, मग सावंतवाडी स्टेशनची भाडी. वैनीच्या मते मी गाडी फार जोरात हाणायचो, आणि हे ती गाडीत बसलेल्या गिऱ्हाइकांना सांगायची, कारण त्यांनी विचारलेलं असायचं.

मग दादाचा पहिला म्हाळ आला. पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावाने केळीच्या पानावर वाडी वाढायची, ती बाहेर ठेवायची आणि कावळा शिवल्याशिवाय घरातल्या कुणी घास घ्यायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. भात, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, गुळाची खीर. पानं वाढायला घेतलेली बघून मी नेहमीसारखी सुई टोचून घेतली आणि कावळ्याची वाट बघत बसलो. कावळा काही येईना. शेजारचे बाबीकाका काव काव करून दमले. मी हळूच स्वयंपाकघराकडे गेलो, तर वैनी दारात आडवी उभी. दादाचा पहिला म्हाळ आहे, त्याच्याआधी कुणी जेवायचं नाही, असं तिने मला ऐकवलं. शेवटी ती म्हणाली की खाडीवर होड्या लागतात तिथे मासळीमुळे कावळे ढिगाने असतात, वाडी तिथेच नेऊया. म्हणजे आम्ही कावळा शोधायला व्हॅन काढली. ती पुढच्या सीटवर मांडीवर वाडी घेऊन बसली.

अर्ध्या वाटेत मला दरदरून घाम सुटला, एवढं आठवतं. पुढचं काही आठवत नाही. व्हॅन एका चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चढली आणि मी स्टीअरिंगवर झटके देत पडलो, हे मला मागाहून कळलं. रस्त्यात कुणी नव्हतं आणि वैनीच्या कपाळाला टेंगूळ आलं, एवढ्यावरच भागलं.

हॉस्पिटलात मी शुद्धीवर आलो तेव्हा शर्टाला खीर लागलेली होती आणि दाराशी पोलीस उभा होता. बाबीकाका फार भला माणूस. त्यांनी येतानाच गोष्ट तयार करून आणली होती की गोरू आडवं आलं आणि त्याला वाचवताना गाडी कलंडली. बरोबर आलेल्या सगळ्यांनी त्या गुराचा रंगसुद्धा ठरवला होता. पोलीस लिहून घेतच होता. लिहिता लिहिता त्याने, केवळ रीत म्हणून, वैनीकडे बघितलं आणि तुम्ही गाडीत होता ना, असं विचारलं.

"गोरू खंयचा?" वैनी म्हणाली. "तेका झटको इलो."

त्यात भर म्हणून हॉस्पिटलात माझी साखर मोजली तर ती बरोबर निघाली. साखर कमी होऊन झटका आला म्हणावं, तर साखर जागेवर. मग मिरगीचा संशय आला. पोलिसांचा कागद आरटीओकडे गेला आणि माझं लायसन निलंबित झालं. मिरगी ठरली असती तर भाड्याची गाडी जन्मात चालवता आली नसती. गाडी चालवण्यावाचून मला दुसरं काही येत नाही. त्या दिवसापासून मी वैनीशी बोलणं टाकलं.

तीही माझ्याशी बोलेना. मला ते कळेना, कारण राग यायचा अधिकार माझा होता. व्हॅन परसातल्या मांगराच्या छपराखाली पडून राहिली. तिच्या कोंबड्या पुढच्या सीटवर जाऊन अंडी घालायच्या, आणि ती ती अंडी गोळा करून आणायची, माझ्या समोरून, मुद्दाम हळूहळू. मला काही सांगायचं असलं की मी कुत्र्याला सांगायचो. तीही कुत्र्यालाच उत्तर द्यायची. ताट मात्र सुईच्या वेळेला बरोबर माझ्यापुढे येई. ती ते आपटायची, आमटी सांडेल इतक्या जोरात, पण वेळ तिने कधी चुकवली नाही. ताट वेळेवर येतं याचा मला तेव्हा आणखीच राग यायचा.

सावंतवाडीच्या मोठ्या डॉक्टरांकडे माझ्या खेपा चालू होत्या. डोक्याला तारा लावून काढलेला आलेख साफ निघाला, तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी दर वेळी विचारावं की त्या दिवशी जेवला होतात का, आणि मी सांगावं की जेवायला थोडा उशीर झाला होता. कावळ्याची वाट बघत उपाशी बसलो होतो, हे त्या घाटावरून आलेल्या शिकलेल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी ते म्हणाले की झटका ज्याने डोळ्यांनी पाहिला त्या माणसाला घेऊन या, त्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. पाहणारं माणूस जगात एकच होतं. मी घरी येऊन कुत्र्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वैनी इस्त्रीचं लुगडं नेसून एसटीच्या थांब्यावर माझ्याआधी उभी होती. बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे.

आमच्याकडे ऑफिसात किंवा दवाखान्यात गेलं की माणसं आपोआप पुस्तकी मराठीवर येतात. वैनी नाही आली. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न मला विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं, आणि ते वैनीकडे वळले.

"खोटा," ती म्हणाली. "सुई टोचून घेतल्यान, आणि मगे काय एक खावक नाय. कावळो शिवाक नाय म्हणान मियाच तेका जेवक वाढूक नाय."

डॉक्टरांना ते नीट कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कावळा न शिवल्यामुळे तिनेच मला जेवायला वाढलं नव्हतं, हा तिचा कबुलीजबाब मला माझ्या तोंडाने मराठीत सांगावा लागला. मग ते म्हणाले की असं असेल तर हॉस्पिटलात साखर बरोबर कशी निघाली.

टेबलाच्या कडेवरून वैनीने बोट फिरवलं. "वाडीतली खीर होती," ती म्हणाली. "दातखीळ सुटली तशी बोटान तेच्या तोंडात घातलंय. सगळी. माझ्या घोवाची वाडी ती. कावळ्याआधी ह्येना खाल्ल्यान."

याचंही भाषांतर करायचं होतं. माझ्याने ते पटकन झालं नाही. दादाच्या पहिल्या म्हाळाची वाडी मी खाल्ली होती, तिने मला भरवली होती, आणि तो म्हाळ तसाच कावळ्यावाचून राहिला होता. इतके महिने ती माझ्याशी का बोलत नव्हती, ते मला तिथे त्या खुर्चीवर कळलं. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये, श्वासनलिकेत जातं, म्हणून डॉक्टरांनी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. मग त्यांनी लिहायला घेतलं की हा मिरगीचा आजार नाही, रोग्याने इंजेक्शन घेऊन अन्न घेतलं नव्हतं, आणि गाडी चालवण्याआधी साखर मोजायच्या अटीवर हरकत नाही. पायऱ्या उतरताना वैनी म्हणाली की माणूस बरा आहे, ओरडतो, पण विचारतो.

स्टँडवर मी तिच्यावर उखडलो. खिरीचं आधी का सांगितलं नाहीस, माझं सगळं वर्ष मातीत गेलं, असं मी चारचौघांत ओरडलो.

"माका इचारलंस कधी?" ती म्हणाली, आणि बसमध्ये चढून पुढच्या सीटवर जाऊन बसली.

आरटीओत पुन्हा परीक्षा झाली, लायसन हातात आलं. मी ते घरी येऊन तिच्यापुढे धरलं, तर तिने मांगराकडे बोट दाखवून आधी कोंबड्यांची घाण साफ कर म्हणून सांगितलं. आमचं गोड झालं असं कुणी समजू नये. फक्त आता कुत्रा मोकळा झाला. मी चावी उचलली की ती पडवीत येऊन उभी राहायची आणि भरल्या गाडीसमोर विचारायची, "मोजलंस? खाल्लंस?" शाळेची मुलं तिची नक्कल करायची. स्टेशनची गिऱ्हाइकं घड्याळ बघायची. मी दात ओठ खात उत्तर द्यायचो. माझ्या व्हॅनमध्ये मात्र ती परत बसली नाही. बाजाराला जायचं तर एसटीने, पाय दुखत असले तरी.

बसली ती एकदाच. छातीत कळा येत होत्या, एसटीची वाट बघण्यासारखं काही नव्हतं. मी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि चावी फिरवली. मागून आवाज आला, "खाल्लंस?" मी होय म्हटलं. ती धापा टाकत म्हणाली, "खोटा." आणि दार लावू न देता त्याची कडी धरून बसली, सोडेना. शिव्या घालत मी घरात गेलो, दोन केळी कोंबली, साली तिला दाखवल्या, तेव्हा तिने कडी सोडली. हॉस्पिटलातून ती घरी आली नाही. त्या केळ्यांना गेलेला वेळ मी अजून तिला माफ केलेला नाही.

यंदा तिचा पहिला म्हाळ घातला. वाडी ठेवली, पानं वाढायला घेतली, मी सुई टोचून घेतली. कावळा येऊन गडग्यावर बसला, मान तिरकी करून वाडीकडे बघत राहिला आणि खाली उतरेना. बाबीकाका म्हणाले की तिची काहीतरी इच्छा राहिली असणार, तसं बोलून दाखव. कुणी म्हणालं कोंबड्या सांभाळतो म्हण, कुणी म्हणालं लग्न करतो म्हण.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. दारात आडवं उभं राहायला कुणी नव्हतं. पान वाढून घेतलं आणि ते घेऊन सगळ्यांसमोर पडवीतच बसलो, कावळ्याला दिसेल असा. खिरीपासून सुरुवात केली. बाबीकाकांना ते सहन झालं नाही. कावळ्याआधी खातोस, तुला वैनीची काही चाड आहे की नाही, असं ते म्हणाले.

"काका," मी म्हटलं, "तिना माका इचारल्यान, खाल्लंस काय, तर मी काय सांगू?"

मी पान संपवलं, हात धुतले, साखर मोजली आणि चावी घेतली. कावळा मागाहून शिवला की नाही, हे विचारलंत तर खरं सांगतो, मी बघितलं नाही. मला स्टेशनचं भाडं होतं, आणि मी जेवलो होतो.