मास्तरांची बायको गढीवर

मलकापूरहून सकाळी साडेसहाला मी गाडी काढली तेव्हाच बाबा रुसून बसले होते. मे महिन्यात माणसानं घरात पडून राहावं, गढ्या कसल्या पाहायच्या, असं त्यांचं म्हणणं. पण गढी (बुरुज आणि तटबंदी असलेला जमीनदाराचा वाडा) पाहायची हौस आईची होती. लग्नाआधी तिला तिथलं स्थळ आलं होतं. ते मोडलं आणि संग्रामपूरची ही मुलगी मास्तरांच्या, म्हणजे बाबांच्या घरी आली. भांडण झालं की तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "गढीची सून होणार होती मी!" पुण्याहून सुट्टीला आले की मी हे ऐकतेच. यंदा म्हटलं, चला, एकदाची दाखवूनच आणते. आधी फोन केला तर कळलं, तिथं आता जेवणही मिळतं.

चिखली मागे पडली आणि दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी शेतं लागली. उन्हात रस्ता, झाडं, लांबचं देऊळ, सगळं हलत होतं. आपण जागे आहोत की नाही तेच कळेना. अमडापूरच्या अलीकडे मोबाईलच्या नकाशानं आम्हाला थेट एका गोठ्यात नेऊन सोडलं.

"कुठं जाऊन राह्यले?" म्हशी धुणाऱ्या बाईंनी विचारलं.

"गढीवर."

"मंग गोठ्यात काऊन (का) आले?"

बरोबरच होतं त्यांचं.

गढीच्या दरवाजात आई झपाझप पुढे गेली. बाबांनी मात्र माझा हात धरला. हळूच म्हणाले, "तिले आतून पाहून वाटलं त, काऊन या मास्तराच्या घरी आली म्हणून?" मला हसूच येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि आवरलं. पंचेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःला उरलंसुरलं स्थळ समजत होता!

आत विलक्षण गारवा होता. जाड भिंती, सागवानी खांब, रंगीत काचांतून फरशीवर सांडलेला हिरवा-तांबडा उजेड. लांब कुठेतरी मोर ओरडला आणि पुन्हा शांत झालं. आई अनवाणी त्या उजेडातून फिरत होती, खांबांना हात लावत होती. इतकी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती. बाबा हार घातलेल्या एका फोटोसमोर उभे होते. फेटा, भरदार मिशा. गढीचे मालक, जुनं स्थळ.

"मिशा चांगल्या होत्या," बाबा म्हणाले.

जेवायला आमरस आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या शेवया) होते. मालकांच्या पत्नी स्वतः वाढत होत्या. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणतात. आई कुठली, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गढीच्या गोष्टी सांगता सांगता त्या सहज म्हणाल्या, "मी काही पहिली पसंत नव्हती, बरं का. संग्रामपूरच्या एका पोरीले यायनं (यांनी) पसंत केलं होतं. पण तिनंच नाही म्हणून सांगतलं. दुसरं स्थळ होतं म्हने मास्तराचं. तिले तोच पाह्यजे होता!"

बाबांचा घास हातातच राहिला.

"मीच ती," आई वाटीत पाहत म्हणाली.

बाईसाहेब खदखदून हसल्या. "अवं माय! मंग तुमच्याच्यानं त हे घर भेटलं मले! घ्या, अजून रस घ्या."

आई लाजली. सत्तरीला टेकलेली आई, चक्क लाजली.

परतीच्या वाटेला लागलो. शेवटी बाबाच म्हणाले, "काऊन सांगतलं नाही मले?"

"सांगतलं असतं त डोक्यावर बसले असते तुम्ही."

लोक मला आता विचारतात, गढी कशी आहे? बुरुज किती, खोल्या किती, मला खरंच आठवत नाही. आठवतं ते इतकंच: घाट उतरलो, मोताळा आलं, तरी मागच्या सीटवर बाबा खिडकीकडे तोंड करून बसलेले. मला वाटलं, झोपले असतील. आरशात पाहिलं तर ते रडत होते, अगदी मुकाट्यानं, आणि आई पदरानं त्यांचं तोंड पुसत म्हणत होती, "आता पुरे न हो, पोरगी पाहून राह्यली."