रिकामा पाळणा हलवल्याची गोष्ट

"मॅडम, सहा पाळणे टांगलेत. पोर एकही नाही. आता मी घरून आणू का?"

धुळ्याच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर छगनभाऊ माझ्यावर वैतागले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कारखाना निरीक्षक, नोकरीचं दुसरं वर्ष. खानदेशातल्याच पहूरच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे.

लोक बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर एकच समजतात. बालवाडी म्हणजे तीन वर्षांपुढच्या मुलांची दोन-तीन तासांची शाळा. अंगणवाडी सरकारची, तिथे खाऊ मिळतो, लस मिळते. पाळणाघर मात्र आई कामावर असेपर्यंत तान्ह्यांनाही सांभाळतं. कारखान्यात तीसपेक्षा जास्त बाया असल्या की ते कायद्यानं लागतंच. हवेशीर खोली, दूध, स्वच्छ कपडे, शिकवलेली आया.

इथे बाया चाळीस. पहिल्या भेटीत मी बाळं कापसाच्या ढिगाशेजारी निजलेली पाहिली. नाकातोंडात तंतू जात होते. मी नोटीस काढली : पाळणाघर चालू नसेल तर डिसेंबरअखेर लायसन रिन्यू होणार नाही. खोली झाली, आया आली. मी सगळ्यांसमोर तपासणी केली. तरी महिनाभर बाळं ढिगाशेजारीच.

"शेठ म्हणतात, बाया तीसवर आणू. मग तुमचा नियमच लागत नाही," छगनभाऊ म्हणाले.

"काढणार कुणाला?"

"लेकुरवाळ्यांना. दुसरं कोण?"

मी तडक शेडमध्ये गेले. बायांना नियम समजावला. कुणी मान वर करेना. शेवटी सगळ्यांत जुन्या सखूअक्का बोलल्या, "ताई, त्या दिनले तुम्ही रिकामा पाळना हालाडा. बठ्ठ्या बायास्नी दखं. आते त्यामा पोर कोन ठेवी?"

कड्या पक्क्या आहेत का हे बघायला मी सगळ्या बायांच्या देखत सहाही पाळणे जोरात हलवले होते. रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक. माझ्या आईनं तिथेच हातावर चापट मारली असती.

"अहो अक्का, सरकारी तपासणी होती ती."

"सरकारले पोरं शेतस का?" मागून कुणीतरी म्हणालं. सरकारला कुठली पोरं, म्हणून बाया खदखदून हसल्या.

हसल्या, तेव्हा मला धीर आला. "मग उपाय सांगा," मी म्हटलं.

"बारसामा पहिले वरोटा निजाडतस ना? घरना लई येस मी. पन दोरी तुम्हीच ओढा. हालाडा तुम्ही, फेडा बी तुम्ही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अक्कांनी घरून आणलेल्या वरवंट्याला कुंची घातली आणि बारशात बाळाआधी निजवतात तसा सहाही पाळण्यांत पाळीपाळीनं निजवला. प्रत्येक दोरी मी ओढली. छगनभाऊंनी घुगऱ्या आणल्या होत्या. "मॅडम, हे रजिस्टरात कुठे लिहू?"

"खा आणि गप्प बसा."

तरी पुढे कुणी होईना. मग सिंधू उठली. काढायच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. तिनं तीन महिन्यांची लेक पाळण्यात ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. पोरगी पाय झाडत झाडत झोपली.

आठवड्यात सहा पाळणे पुरेनात, आणखी चार मागवले. लायसन रिन्यू झालं. चाळीसच्या चाळीस बाया कामावर राहिल्या.

"महिना का रखडलं?" माझा अहवाल वाचताना आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं.

"तपासणीत चूक झाली."

"कारखान्याची?"

"माझी."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सही केली.

तेव्हापासून पाळणाघर तपासायला मी बाळं निजायच्या वेळीच जाते. कड्या तेव्हाही कुरकुरतात, आणि कोणती सैल आहे ते न विचारता बायाच सांगतात.