नरहरपंतांनी न पाहिलेले डोळे

नरहरपंतांची आणि माझी पहिली भेट मखमलाबादच्या एका द्राक्षमळ्यात झाली. ते आमच्या शाळेतले सृष्टिविज्ञानाचे ज्येष्ठ शिक्षक, मी नुकताच त्यांच्या हाताखाली लागलेलो. रविवार होता. पंत बांधावर बसून वेलीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून फूट निघते ती गाठ, वस्तऱ्याने उभा चिरत होते. भिंग माझ्या हाती देत त्यांनी विचारले, “काय दिसतं?”

“काहीच नाही.”

“मग बसा. दिसेपर्यंत चहा नाही.”

तासाभराने मला दिसला. मोहरीहून बारीक, पांढुरका, घडाच्या घाटाचा अंकुर.

आश्विनातल्या छाटणीनंतर बाहेर पडणारा घड त्याआधीच्या उन्हाळ्यातच डोळ्यात बसलेला असतो, हे मळेवाल्यांना पंतांनी दाखवले. घड आणि ताणा मुळात एकच. अंकुराला ऊन मिळाले तर घड होतो, सावलीत राहिला तर आधाराला विळखा घालणारा नुसता ताणा. म्हणून कात्री लावण्यापूर्वी मळ्यातल्या काड्या चिरून घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहायचे आणि तो डोळा राखून त्याच्या पुढे कापायचे, ही पंतांची रीत. मळेवाल्यांचे पुढारी दगडूजी सांगत, “पंत म्हणतील तिथं कापायचं. आपलं डोकं चालवायचं नाय.”

पंतांच्या मायेविषयी एवढेच सांगतो. माझी पत्नी आजारी असताना महिनाभर माझे वर्ग पंतांनी घेतले आणि हेडमास्तरांना पत्ता लागू दिला नाही.

आता जे लिहायचे ते लिहितो. चार वर्षांपूर्वी ऐन छाटणीच्या तोंडावर पंत तापाने अंथरुणाला खिळले. डोळे तपासायचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. मळ्यांत गुडघाभर चिखल होता. मी आत शिरलोच नाही. बांधालगतच्या काड्या तोडल्या, चिरल्या, तिसऱ्या डोळ्यात घड पाहिला आणि पंतांच्या नावाने तसा निरोप दिला. बांधाकडच्या काड्यांना ऊन असते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळले असते. आतल्या काड्यांत त्या ढगाळ वर्षी घड सहाव्या-सातव्या डोळ्यापर्यंत नव्हता. सगळी कापणी तिसऱ्यावर झाली आणि घडाचे डोळे कात्रीखाली गेले. महिन्याभराने मळेच्या मळे ताण्यांनी भरले.

मारुतीच्या पारावर सगळे जमले. दगडूजींनी शांतपणे विचारले, “पंत, डोळे तुम्ही सोता पाह्यले व्हते का?”

मी शेजारीच बसलो होतो. पंत म्हणाले, “हो, मीच पाहिले. चूक माझी.”

परतताना मी विचारले, असे का केलेत. ते म्हणाले, “शाळेच्या मंडळावर निम्मे मळेवाले आहेत. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय. मी काय, आता निवृत्त होऊन घरीच बसणार.”

मी गप्प राहिलो. माझी नोकरी कायम झाली. मळेवाल्यांनी वेली उपटून पेरू लावले आणि पंतांना कुचेष्टेने ‘डोळेफोडे मास्तर’ म्हणू लागले. चार वर्षांत त्यांच्या दारी एकही काडी तपासायला आली नाही. पंतांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी समितीने त्यांच्या कार्याची यादी छापली आहे. तीत द्राक्षाचे नावही नाही. ती वाचून मला स्वतःची किळस आली.

गेल्या महिन्यात मी पंतांना सांगितले की हे सगळे लिहिणार आहे. ते म्हणाले, “आता कशाला? मळे कुठे राहिलेत?” खरेच राहिलेले नाहीत. माझ्या कबुलीने एक वेल परत उगवणार नाही, आणि पंतांचे वाया गेलेले हंगामही परत येणार नाहीत.

साठी पूर्ण करणाऱ्या पंतांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, अशी प्रार्थना मीही करतो. त्या आयुष्याचे त्यांनी काय करायचे, ते मात्र मला सुचत नाही. समितीने हा लेख छापलाच, तर कुणीतरी तो दगडूजींना वाचून दाखवावा. त्यांना वाचता येत नाही, आणि त्यांच्यासमोर उभे राहून हे सांगण्याची हिंमत मला आजही होत नाही.