तिरपे मास्तर आणि फिकी अक्षरं

तिरपे मास्तर कुठलीही गोष्ट समोरून पाहत नसत. आधी मान डावीकडे कलती करायची, मग कमरेतून थोडं वाकायचं आणि एक डोळा बारीक करून त्या वस्तूकडे खालून वर पाहायचं. बाजारात वांगी घेतानाही हाच प्रकार. भाजीवाली म्हणायची, "गुरुजी, वांगं घेऊन राहिले का त्याची परीक्षा घेऊन राहिले?" त्यांचं खरं आडनाव फक्त टपालावर दिसे. आमच्यासाठी ते तिरपे मास्तरच, आणि हे नाव त्यांना ठाऊक होतं.

ही सवय त्यांना डिस्प्लेमुळे लागली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मास्तर सालेकशाच्या एका शाळेत विज्ञान शिकवत, रोज गाडीने जाऊन-येऊन करत, आणि उरलासुरला जीव इलेक्ट्रॉनिक्समध्ये घालत. रविवारी सकाळी त्यांच्या गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या घरी आमची बैठक असे. मी टेलिफोन खात्यातला, शंकर गोंदियात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारा, आणि मास्तर. कधी पंपाचा टायमर जोडायचा, कधी तापमान दाखवणारं यंत्र. या सगळ्याच्या तोंडावर बसे तो दोन ओळींचा हिरवट डिस्प्ले, ज्याच्या एकेका चौकटीत एकेक अक्षर उमटतं. बाकी सगळं चाललं तरी हा हमखास रुसून बसायचा.

मास्तरांनी त्या रुसव्यांची शाळेतल्या पोरांसारखी वर्गवारी केली होती. काहीच दिसत नसेल, पण तिरपं पाहिल्यावर पुसट अक्षरं जाणवत असतील, तर तो डिस्प्ले 'लाजरा'. वरच्या ओळीत नुसते काळे डब्बे दिसत असतील तर 'अडाणी'. म्हणजे वीज पोचली, पण काय लिहायचं ते त्याला कोणी शिकवलंच नाही. आणि भलतीसलती अक्षरं काढणारा तो 'बरळ्या', त्याची एखादी तार ढिली असणार. "मेला असं म्हनू नको रे," ते शंकरला दटावत. "पोरगं ढ नसते. त्याले कोनं नीट विचारलं नसते."

शंकर पडला धंद्यातला माणूस. त्याला निकाल तडकाफडकी हवा असे. एकदा मे महिन्यात एक डिस्प्ले पार काळाठिक्कर पडला. "जल गया, मास्तर. फेकून द्या," शंकर म्हणाला. मास्तरांनी तो उचलून कूलरसमोर ठेवला आणि वहिनींना पन्हं आणायला सांगितलं. पन्हं संपेपर्यंत काळोख विरला आणि अक्षरं वर आली. "आपल्या उन्हात मानूस काळा पडते, त याले काऊन दोष देतं?" मास्तर म्हणाले. शंकर पुढे वर्षभर हा किस्सा आपल्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या नावावर सांगत होता. मास्तरांच्या ते कानावर होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती.

दुसऱ्या एका रविवारी शंकरने अख्खी खेपच बाद ठरवली. नागपूरहून आणलेला प्रत्येक डिस्प्ले फिका. त्याने दुकानदाराचा यथेच्छ उद्धार केल्यावर मास्तरांनी शांतपणे मीटर लावला, तर ॲडॉप्टरच दमलेला निघाला. पुरेशी वीज तो देतच नव्हता. तेव्हा त्यांनी सांगितलेलं वाक्य आम्ही पुढे आरतीसारखं घोकलं. "एक फिका दिसला त डिस्प्ले पाय. सगळेच फिके दिसले त डिस्प्ले सोड, अन् सगळ्याईत सारखं काय हाय ते पाय."

बैठकीचा एक रिवाज होता. यंत्र कोणीही जोडो, शेवटचा पेच मास्तरांचा. डिस्प्लेमागे नखाएवढा निळा प्रीसेट असतो. बारीक पेचकसाने तो फिरवला की अक्षरं गडद किंवा फिकी होतात. मास्तर मान कलती करून तो केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत, आणि अक्षरं अशी स्वच्छ उभी राहत की आंघोळ करून आलीत असं वाटे. त्या पेचाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हे न सांगता ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर आमचा रविवार त्या एका क्षणासाठीच असे.

मास्तर निवृत्त झाल्यावर त्यांच्या शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी तापमान दाखवणारं यंत्र मागितलं. मास्तर हरखले. आम्ही यंत्र जोडलं, आणि त्यांनी शेवटचा पेच फिरवायला घेतला. अक्षरं नीट दिसायला लागली तरी ते फिरवतच राहिले. अक्षरांमागे काळे डब्बे चढले, आणि मास्तर म्हणाले, "तरी फिकंच हाय बा. डिस्प्लेच बदल." शंकरने ते बदललं. तेही फिकं. तिसरंही फिकं. "आजकालचा मालच फिका येऊन राहिला," मास्तर वैतागून म्हणाले. शंकरचा चेहरा पडला, कारण माल त्याचा होता आणि चांगला होता. आम्हा दोघांना तर तिन्ही डिस्प्लेंवरची अक्षरं गडद दिसत होती.

चहा घेऊन आलेल्या वहिनी सहज बोलून गेल्या, "मालाचं काय घेऊन बसले जी. यायनं पेपर बी बदलवला. जुना फिका छापते म्हनत. आता नवा बी फिकाच दिसून राहिला म्हन्तात."

हे आधीच लक्षात यायला हवं होतं. पण मास्तर मान वाकडी करून पाहतात यात नवल कुणाला वाटणार? आयुष्यभर तेच तर करत आले होते. मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली. "मास्तर, एक कोडं सोडवून द्या ना. तीन डिस्प्ले फिके, दोन पेपर फिके. सगळ्यांत सारखं काय आहे?"

मास्तरांनी पेचकस खाली ठेवला. नेहमीसारखी मान कलती करून ते त्या डिस्प्लेकडे बघत राहिले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "मीच त आहो, विलास."

काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर तेवढीही उरली नसती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मास्तरच मला समजावायला लागले. "कायले तोंड पाडून राहिला? दोष सापडला ना? सापडत नाही तोवर भेव असते." त्यांचा हात माझ्या दंडावर होता, आणि घर येईपर्यंत तो त्यांनी काढला नाही.

रविवार चालूच राहिले. फक्त बघणारे आम्ही आणि विचारणारे मास्तर. "वरच्या ओळीत डब्बे हायेत का? तिरपं पाहून सांग. आता पेच फिरव, हळू." शेवटचा पेच शंकर फिरवू लागला, पण मास्तर "बस" म्हणेपर्यंत तो थांबत नसे. मास्तरांना नीट दिसत नसलं तरी आमच्या आवाजावरून त्यांना कळे, आणि त्यांचं "बस" नेमक्या जागी येई. असे कितीतरी रविवार त्यांनी आम्हाला दिले. मग एका हिवाळ्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन, ते गेले.

वहिनी मुलाकडे राहायला जाताना मला हाक मारून म्हणाल्या, "हे तुमीच ठेवा." ते प्रदर्शनाचं यंत्र होतं. शाळेला आम्ही दुसरं जोडून दिलं होतं. हे त्या रविवारी जसं राहिलं तसंच त्यांच्या खोलीत होतं, मास्तरांनी फिरवलेल्या पेचासकट.

आज ते माझ्या भिंतीवर आहे. अक्षरांमागे काळे डब्बे भरलेत, समोरून काही म्हणता काही वाचता येत नाही. शंकर आला की म्हणतो, केसभर फिरवू का? मी नाही म्हणतो, आणि त्यालाही नकोच असतं. घरी येणारा-जाणारा मात्र हटकून विचारतो, "हे बिघडलंय का?"

"बिघडलेलं नाही," मी सांगतो. "जरा वाकून, तिरपं पाहा."

तो मान कलती करतो, कमरेतून वाकतो, एक डोळा बारीक करतो, आणि त्याला तापमान दिसतं. मला मास्तर दिसतात.