गाडी लागण्यावरची गोळी

चाकणच्या कंपनीत लागले तेव्हा मला रोज गाडी लागायची. निगडीहून सकाळी बस निघायची आणि भोसरी मागे पडेपर्यंत माझ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी आलेली असायची. लहानपणी एसटीतून घाट उतरतानाही मला कधी मळमळलं नव्हतं. पण आमचा सुपरवायझर रोज शिफ्टच्या सुरुवातीला माझ्या आदल्या दिवशीच्या चुका सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा.

नवऱ्याला मी हे सांगितलं होतं. "तिथं जायचं म्हटलं की पोटात ढवळतं."

"गाडीचंच आहे ते. औषध आणतो," तो म्हणाला.

त्यानं पांढऱ्या गोळ्यांची एक छोटी बाटली आणली. "डॉक्टरांनी खास दिलंय. चारच घे, फार स्ट्राँग आहे."

पहिल्याच दिवशी मी चाकणला धड पोचले. पुढे तर बसमध्ये झोपही लागायला लागली. माझा नवरा माझी किती काळजी घेतो, हे मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे.

दिवाळीत नणंद आली. तिच्या तीन वर्षांच्या मुलीनं ती बाटली तोंडात रिकामी केली. पोरीला उचलून मी अनवाणीच जिना उतरायला लागले.

"अगं थांब!" नवरा मागून ओरडला. "काही होत नाही तिला. नुसती साखर आहे ती."

"आणि औषध?"

"औषध कधी नव्हतंच."

दारात उभी असलेली नणंद हसली. तिला माहीत होतं.

"पण गुण आला ना तुला?" तो म्हणाला.

आला होता, आणि तेच जास्त लागलं. पाच महिने मी त्याच्यासमोर मोजून चार गोळ्या घेत होते आणि तो गंभीर चेहऱ्यानं बघत होता. माझ्या पोटानंसुद्धा त्याचीच बाजू घेतली होती.

सुट्टी संपली आणि बसमध्ये मला पुन्हा उलटी झाली. "खरं औषध आणू का?" नवऱ्यानं विचारलं. मी नको म्हटलं. त्याच आठवड्यात सुपरवायझरनं कागद उघडला तेव्हा मी म्हणाले, "सर, माझ्या चुका मला एकटीला सांगा." तो चिडला, आणि त्यानं मला पॅकिंगला टाकलं. तिथं कोणी चुका वाचून दाखवत नव्हतं; महिन्याभरात उलट्या थांबल्या.

घरी मात्र मी हे कोणाला सांगितलं नाही. परवा ताप आला तेव्हा नवऱ्यानं गोळी हातावर ठेवली. मी आधी पाकिटावरचं नाव वाचलं. तो बघत होता.